गावाची वेबसाइट आणि ज्वारीतल्या सीड्या

मंडळी, आज सकाळी आपल्या निमगाव सावा गावाची वेबसाइट उघडली तर पान कोरं. होस्टिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, सर्व्हर बदलताना चुकून तुमचा डेटा डिलीट झाला. बॅकअपही त्याच मशीनवर होता."

मी घाबरलो नाही. तीन वर्षं गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आणि आठवणी गोळा करतोय. त्यातली काही माणसं आता नाहीत. असलं काम मी कुणाच्या भरवशावर सोडत नाही, दर महिन्याला सीडी करून ठेवतो.

कपाट उघडलं, तर सीड्यांचा डबा रिकामा. वडिलांना विचारलं.

"ज्वारीत बांधल्यात की," अण्णा म्हणाले. "पाखरं लई व्हती. चकाकतंय म्हणून आता येत न्हाईत."

शेतात जाऊन सगळ्या सोडून आणल्या. वाऱ्यानं ज्वारीच्या ताटांवर घासून इतके ओरखडे पडले होते की कॉम्प्युटरनं एकही वाचली नाही.

पण मी दर महिन्याला दोन सीड्या करतो. दुसरी लोणी गावात आत्याकडे असते. फोन केला, तर ती म्हणाली, "तुझ्या चकत्या पेटीत हायत. कुणी हात लावला नाय."

मोटरसायकलवर जाऊन आणल्या. संध्याकाळी साइट पुन्हा चालू झाली. अण्णांना बोलावून त्यांच्या गेलेल्या थोरल्या भावाचा फोटो दाखवला. त्यांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "पाखरांचं मी दुसरं काय तरी बघतो."

तुमची दुसरी सीडी कुणाच्या घरी आहे?