तिसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू

परग्रहवासी मी आयुष्यात एकदाच पाहिला. तो आमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजमध्ये कमरेपर्यंत शिरलेला होता. बाहेर नुसते दोन पाय. सकाळी शिरला तो दुपार झाली तरी निघेना. बायको म्हणाली, "अहो, गोठला वाटतं. ओढून काढा, आणि जमलं तर मागचं लोणीही काढा." मी पाय धरणार तोच आतून आरोळी आली, "कागद आणा! शनीच्या कड्यातून सुटायची युक्ती सापडली!"

हा आमच्या गल्लीतला फ्रीज-मेकॅनिक. सगळे त्याला गारेगार म्हणत. फ्रीज दुरुस्त करून उरलेल्या वेळात तो विज्ञानकथा लिहीत असे. आमच्या फ्रीजची अवस्था पाहता उलटंही असेल.

पण काय लिहायचा! इतरांची यानं सुसाट सुटतात. याचं यान वाटेत बंद पडायचं, कप्तान बाह्या सरसावून यानाखाली शिरायचा आणि सगळ्या विश्वाचं भवितव्य एका हरवलेल्या वॉशरवर अडायचं. विज्ञानात कायम काठावर पास झालेला मी, जीव मुठीत धरून तो वॉशर शोधत असे. त्याच्या कथांत कुणी बंदूक रोखत नसे. परक्या ग्रहावर उतरलं की कप्तान आधी विचारायचा, "काही बिघडलंय का?" इतकं सभ्य वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

या विश्वावर राज्य होतं तीन डोळ्यांच्या सम्राज्ञीचं. एक डोळा उतू जाणाऱ्या दुधावर, एक दारावर, एक कप्तानाच्या ताटावर. गारेगारला लहानाचं मोठं करणाऱ्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, ही कोण ते ओळखलं होतं आणि त्या मनातून खूश होत्या. मग त्याच्या कथा छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांनी गळ घातली, "काहीतरी धक्का द्या हो," आणि गारेगारनं सम्राज्ञीला ग्रहासकट उडवून दिलं.

"तुला वाढवला तो मला उडवायला?"

"अगं अक्का, ती तू नाहीस!"

"मग तिच्या तिसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू कुणाचा होता?"

अक्कांनी अबोला धरला. चहा मिळायचा, पण भिंतीला उद्देशून : "कुणाला हवा असेल तर गार होतोय."

गारेगार एवढा हसरा माणूस, पार कोमेजला. सम्राज्ञीला परत आणायचंच, म्हणून कथा लिहायला बसला आणि मधेच आजारी पडला. कथा दवाखान्यात पुरी केली. अक्का उशाशी बसून होत्या.

"वाच ना," तो म्हणाला.

अक्का नर्सकडे वळल्या. "सिस्टर, त्यांना सांगा, मी मेले ते छापून मेले. जिवंत व्हायचं तेही छापूनच. आणि विचारा, उशी उंच हवी का."

ती कथा मी वाचली. शेवटच्या पानावर, विझलेल्या ग्रहाच्या राखेत सम्राज्ञी तिसरा डोळा उघडते आणि कप्तानाला म्हणते, "जेवलास का?" मला पुढचं दिसेना.

अंक निघायच्या आत गारेगार गेला. निरोप द्यायला कुठून कुठून वाचक आले. ज्यांचे फ्रीज अजून बंद होते तेही आले, आणि तेच जास्त रडले.

संपादकांनी मृत्युलेख मनापासून लिहिला. तो लांबला. जागा करायला त्यांनी कथेचं शेवटचं पान काढलं.

मी अक्कांना ते पान तोंडी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छापून येऊ दे."

ते पुढच्या अंकात येणार होतं. मासिक बंद पडलं.