बोंबलाच्या वासाची व्हॅन

गाडी चालवण्यासाठी असते, हे सुरतेत कतारगामच्या आमच्या एका खान्देशी शेजाऱ्यांना कधीच पटलं नाही. त्यांच्या मते ती आतून पुसण्यासाठी असते. जुनी व्हॅन त्यांनी ज्याच्याकडून घेतली, त्याने तिच्यातून सुके बोंबील वाहून नेले होते. तो वास घालवण्यासाठी हे रिठ्याच्या पाण्याने सीटा घासत, फटीफटीतून दात घासायचा ब्रश फिरवत, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देत. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर साऱ्या सुरतेला स्वच्छतेचं वेड लागलं. यांना ते आधीपासूनच होतं. "मी तापाने फणफणले तरी असा ओला फडका कधी माझ्या कपाळावर पडला नाही," त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या. इच्छापोरच्या कारखान्यांत भाड्याने नेायचे ते कामगार चढायला लागले की हे दारातच अडवत, "चपला काढा भाऊ, आठे लक्ष्मी बठस," म्हणजे इथे लक्ष्मी बसते. कामगार मुकाट्याने चपला काढून दारामागच्या गोणीत टाकत.

मग त्यांच्या मुलीला पाहायला धुळ्याची मंडळी आली. तिने स्वतः इस्त्री केलेल्या पांढऱ्या चादरी सीटांवर पसरल्या होत्या. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर मीही गेलो. हे सवयीने "चपला काढा" म्हणाले आणि घाबरून गोणीचं सांगायलाच विसरले. पाहुण्यांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला रस्त्यावर काढल्या. गाडी निघाली. मी खिडकीतून मागे पाहिलं, तर पाच जोड ओळीने उभे. मला हसू आवरेना. म्हटलं, पुढच्या वळणावर सांगू, जरा गंमत होऊ दे. वळणामागून वळणं गेली आणि घर आलं.

भर उन्हात पाच माणसं डांबरावर अनवाणी नाचली. मी धावत परत गेलो, पण चपला केव्हाच गेल्या होत्या. "लग्नाआधीच अनवाणी केलं, पुढे काय करतील?" मुलाचे वडील म्हणाले आणि पोहे बाहेर येण्याआधीच मंडळी उठली. मुलगी आत पोह्यांचं ताट धरून तशीच उभी होती. दोन वर्षांनी तिला एका बिजवराला दिली. मी तेव्हा मागे पाहिलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, आजही नाही.

बदली होऊन सुरत सोडली तेव्हा तेच शेजारी व्हॅन घेऊन मला स्टेशनवर सोडायला आले. मी चपला काढायला वाकलो.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले, "चप्पल घालीसनच बठा."

गाडीत बोंबलाचा वास परत आला होता. स्टेशन येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.