आमच्या विहिरीवर गजाननची मोटर

मंडळी, आज पोटात लई दुखून राहिलं, खरं सांगतो.

वारंगा फाट्यावर माझं शेतीच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान हाय. काचेचा दरवाजा, लाइटचा बोर्ड, सगळं. समोर गजाननचं त्याच कामाचं पत्र्याचं शेड, पण गर्दी कायम तिकडंच. मला वाटायचं, गोड बोलून गिऱ्हाईक ओढतो.

आज सकाळी आमच्याच विहिरीवरची मोटर जळाली. दुपारी पाहतो तर बाबा ती घेऊन गजाननच्या शेडात!

"बाबा, तिकडं काहून?"

"तू दुरुस्त करेपर्यंत गहू वाळून जाईल. गजानन तवर लावायला सोताची मोटर देतो."

माझ्या डोक्यात हे कधी आलंच न्हाई!

आता शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी बसून लिहून राहिलो. गजाननची मोटर आमच्या गव्हाला पाणी देऊन राहिली. आवाज ऐकवत न्हाई आन् बंदबी करता येईना. तुमी काय केलं असतं?