सातव्या ग्रीनवरची गोधडी

हे बाहेर सांगायचं नाही, असं आप्पांनी मला बजावलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते शिरूर-दौंड रस्त्यापासून आत असलेल्या गोल्फ कोर्सवर गवत सांभाळतात आणि आम्ही तिथंच पंपामागच्या खोलीत राहतो. मी फारशी बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर सगळे बोलतात. मग गोष्टी साठत जातात, थंडीत गवतावर दव साठतं तशा. दव झाडलं नाही तर बुरशी धरते, हेही आप्पांचंच म्हणणं.

*

दव खरंच झाडतात. सकाळी ग्रीनवरून, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावरून, दोघं जण लांब दोर ओढत नेतात. राहू गावच्या हिरामावशी नव्यानं कामाला आल्या, तेव्हा हे बघत उभ्या राहिल्या.

"आमच्या सुनंला अंगण झाड म्हटलं तर तोंड फुगतं. हितं पाणी झाडत्यात."

*

मग ट्रॉलीतून वाळू आली. ग्रीन सपाट राहावं म्हणून आप्पा ती चाळून गवतावर पसरू लागले. ट्रॅक्टरवाले मामा वरवंडचे.

"आप्पा, रानात वाळू आली तर आमी रडतो. तुमी इकत आणता व्हय?"

"अजून खत टाकायचंय, मामा."

"मग ऊस तरी लावा की."

*

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मावशींना सातव्या ग्रीनवर बसवलं. "तण दिसंल तेवढं उपटा," एवढंच सांगितलं आणि ते पंपाकडं गेले. परत आले तर बाजेएवढी जागा उघडी! शेजारी व्यवस्थित ढीग.

"समदी हरळी माजली व्हती. मुळासकट काढली बगा."

आप्पा खालीच बसले. "मावशी, हरळीच ठेवायची असती. बाकीचं काढायचं."

मावशींनी लांबवर नजर फिरवली. "एवढ्या रानात, मुद्दाम लावलीया?"

*

मॅनेजर साहेबांनी टक्कल पाहिलं. जानेवारीत मॅचेस. "तोवर भरलं नाही, तर ज्यानं केलं तो घरी जाईल."

"थंडीनं गेलं, साहेब," आप्पा म्हणाले.

गावात कांदालागवड चार दिवसांची, हे काम बारमाही. मावशींचा चेहराच उतरला. आप्पांनी नर्सरीतल्या हरळीच्या काड्या आणून लावल्या, पण थंडीत हरळी झोपते. आठ दिवसांत एक पान हललं नाही.

नवव्या दिवशी मावशींनी घरून गोधडी आणली. ऊन कललं की घालायची, दिवस उगवला की काढायची.

"जल्मभर हिला मर म्हणले. आता जग म्हणतीया. ऐकती का बगू."

*

एकदा साहेब नेहमीपेक्षा लवकर फेरीला आले. ऊन अजून वर आलं नव्हतं. ग्रीनवर गोधडी पाहून ते जागीच थांबले.

"कोण झोपलंय तिथं?"

"हरळी," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी वाकून गोधडीचं टोक उचललं. ओळीनं लावलेल्या काड्या पाहिल्या आणि टोक हळूच खाली ठेवलं.

"उपटली कोणी होती?"

आप्पा काही बोलायच्या आत मावशींनी हात वर केला.

"मग पांघरूण रोज तुम्हीच घालायचं," साहेब म्हणाले. "मॅचेसनंतरही. आणि मेंबर लोकांना यातलं काही कळता कामा नये."

उद्या मॅचेस आहेत. आज दुपारी मी सातव्यावर जाऊन आले. गुडघे टेकून अगदी जवळून पाहिलं, तर त्या बाजेएवढ्या जागेत हिरवे कोंब—

"ए पोरी, ऊन कललं! दुसरं टोक कोण धरणार?"