वास लागलेली पोती

त्या घरात कॉफी व्हायची ती निवडणाची. परदेशी जाणाऱ्या मालातून काळे, फुटके, किडके दाणे बाजूला काढत, ते गोदामाच्या फाटकाशी स्वस्तात मिळत. मावशी ते तव्यावर इतके भाजायची की बरे-वाईट सगळे एका रंगाचे होऊन जात. तिला अख्खी गल्ली मावशीच म्हणे. गोदामात होती तोवर तिला ‘नाकवाली मावशी’ म्हणत.

त्या सकाळी तवा तापला होता. नवरा दाराजवळ बसून हातांना तेल चोळत होता. त्याची उभी हयात कातडी कमावण्याच्या कारखान्यात, चुन्याच्या हौदाशी गेली होती. काम सुटलं तरी हातांची सालं निघायची थांबली नव्हती. लेक आरशासमोर नीटनेटकी वेणी घालत होती. जायचं कुठेच नव्हतं, पण घालत होती.

“कातड्याला तेल लावलं की ते बोटीत बसून परदेशी जातं,” नवरा म्हणाला. “आम्ही मात्र तेल लावून इथेच.”

“मग जा की तुम्हीही.”

“घेतंय कोण? वास येतो म्हणून परत पाठवतील.”

बोलला आणि त्याने जीभ चावली. मावशी तव्यावरचे दाणे उगाच खालीवर करत राहिली.

तेवढ्यात दार वाजलं. त्या गल्लीत दार कोणी वाजवत नसे. लोक हाक मारत आणि हाकेबरोबरच आत येत. त्यामुळे आलेला माणूस बाहेरचा, हे तिघांनाही न बघताच कळलं.

दारात गोदामाचा मुकादम होता. नाकाशी धरलेला रुमाल त्याने घाईघाईने खिशात कोंबला आणि हातातली काचेची बाटली पुढे केली. तयार कॉफीची, झाकणावर सोनेरी अक्षरं असलेली.

“घ्या मावशी. तुमच्याच हातची कॉफी आहे, तिकडे जाऊन बाटलीत बसून आली.”

“बरं झालं,” नवरा म्हणाला. “आमची ओळख विसरली नाही म्हणायची.”

मुकादम हसला, पण बसला नाही.

मावशीचं आणि या माणसाचं शेवटचं बोलणं झालं होतं ते गेल्या हंगामात. मालकाचे धंदे दोन, कॉफीचा आणि कातड्याचा. वादळात कातड्याच्या शेडचे पत्रे उडाले आणि माल न्यायची बोट तर लांबलेली. तेव्हा मुकादमाने मीठ लावलेल्या कच्च्या कातड्यांचे गठ्ठे कॉफीच्या गोदामात, पोत्यांना लागून रचून ठेवले. कच्ची कॉफी शेजारचा वास ओढून घेते, चुलीजवळच्या कपड्यांना धूर लागावा तसा. पोती शिवण्याआधी मावशी प्रत्येकात हात घालून मूठभर दाणे नाकाशी न्यायची आणि म्हणायची, “जाऊ दे.” त्यावर पोतं शिवलं जायचं. बुरशी धरलेला एखादा दाणा असला तरी तिच्या नाकातून सुटत नसे.

त्या दिवशीही तिने मुठी भरभरून हुंगलं आणि “जाऊ दे” म्हणाली. तिला काही वेगळं जाणवलंच नाही. जाणवणार कसं? तो वास तिच्या उशीचा होता, नवऱ्याच्या सदऱ्याचा होता. दाणे निवडायच्या टेबलावरच्या बाकीच्या बायकाही त्याच गल्लीतल्या. कोणाच्याच नाकाने तक्रार केली नाही.

माल समुद्र ओलांडून गेला आणि तसाच परत आला. मुकादम भर टेबलासमोर म्हणाला, “हिच्या अंगालाच वास, हिला काय कळणार? हिनेच लावला पोत्यांना.” दुसऱ्या दिवशी मावशीचं स्टूल दाराशी एकटं मांडलेलं होतं. शेजारणींनी आपापली स्टुलं आणखी जराशी सरकवून घेतली. मग काही दिवसांनी ते स्टूलही नाहीसं झालं. लेक काम मागायला गेली, तर तिला फाटकावरूनच परत धाडलं.

“आज दुपारी माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस येतोय,” मुकादम म्हणाला. “वास कुठून आला, ते त्याला कळायला हवं. कातडी गोदामात होती असं निघालं, तर तो पुन्हा आपल्याकडे बघणार नाही. मग गोदामाला कुलूप, आणि सगळ्यांच्याच चुली थंड.”

“मग मी काय करू?”

“सांगायचं. घरात कातड्याचं काम होतं, कपड्यांना वास होता, पोत्यांना टेकून बसायचे. एवढंच. तुम्हाला तर काढूनच टाकलंय, तो म्हणेल मिटलं.”

“म्हणजे कातडी आणली तुम्ही,” नवरा म्हणाला, “आणि वास आमचा.”

“काका, मी हुकमाचा ताबेदार. मालक बोलतील तसं करायचं.” मग तो लेकीकडे बघून म्हणाला, “पोरीला उद्यापासून टेबलावर घेतो. मालकांना विचारूनच आलोय.”

“मला नको,” लेक म्हणाली. “आईला नावं ठेवून मिळालेलं काम मला नको.”

“घरात बसून काय करणार आहेस? रोज वेण्या?” मावशीने विचारलं.

सगळंच खोटं असतं, तर मावशीने बाटली उचलून मुकादमाच्या हातात परत दिली असती. पण मुठी हुंगल्या होत्या तिनेच, “जाऊ दे” म्हणाली होती तीच. खऱ्याचा तेवढा एक तुकडा मुकादमाच्या हाती लागला होता, आणि त्यावर त्याने बाकीचं सगळं रचलं होतं.

तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. छान वाटला. पण या हंगामात तिचा स्वतःच्या नाकावर भरवसा उरला नव्हता. तिने बाटली लेकीपुढे केली.

“तू बघ गं. कसला येतो?”

“चांगला आहे,” लेक खाली बघत म्हणाली.

तव्यावरचे दाणे तोवर करपून गेले होते. मावशीने तवा उतरवला आणि हात पुसले.

“येते मी दुपारी,” ती म्हणाली. “सांगते तुम्ही म्हणता तसं.”

“सांगू नकोस,” नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मुकादमाचा हात रुमालाकडे निघालाच होता. “शहाण्या आहात, मावशी. मग निघू?”

“थांबा. एक मागायचंय.”

“बोला की.”

“पोरीला दाराशी वेगळं बसवू नका. तिचं स्टूल सगळ्या बायकांच्या मध्ये ठेवा.”