आवडाबाई तांडेलची गाडी

आवडाबाई तांडेलने महिपतच्या टेम्पोवरच्या क्लीनरला, बाबल्याला, लोखंडी टॉमीने हाणलं, तेव्हा हातखंब्याच्या तिठ्यावर चहा पीत बसलेल्या माणसांनी नुसतं पाहिलं. कुणी जागचं उठलं नाही. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवायची दांडी. ती टेम्पोच्या फाळक्यापाशी पडलेली होती, तीच तिने उचलली. पहिल्या घावाला बाबल्या खाली बसला. दुसऱ्याला त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, तो आवाज तिचा तिला ऐकू आला. तिसरा ती डोक्यातच घालणार होती, पण तिच्या राहीने, एकोणीस वर्षांच्या लेकीने, मागून तिचा दंड धरला.

बाबल्याने चालत्या टेम्पोत, माशांच्या पाट्यांच्या आडोशाला, राहीच्या पोलक्यात हात घातला होता. तोही पहिल्यांदा नव्हे. आधीच्या दोन खेपा राहीने आईला काही सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं की काय होईल ते तिला ठाऊक होतं.

रत्नागिरी बंदरावरच्या मिरकरवाड्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आवडाबाईचा नवरा दादू होडीवर खलाशी होता आणि प्यायला की तिला मारायचा. आठ वर्षं तिने मार खाल्ला. नवव्या वर्षी एका दुपारी तो मारायला आत येत असताना तिने दार त्याच्या हातावर लोटलं, आणि दार मागे घ्यायचं सोडून त्यावर अंगाचा सगळा भार टाकून उभी राहिली. बोटं गेली त्याची. पुढच्या महिन्यात तो मुंबईला ससून डॉकवर निघून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती बंदरावर मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन तेली आळीपासून माळनाक्यापर्यंत घरोघर विकायची. बाजाराच्या दिवशी लांज्याला जायची. अंगाने सुकी, आवाजाने बारीक बाई. ती ओरडून भांडत नसे. म्हणूनच तिची जास्त भीती वाटे.

हातखंब्याच्या त्या दिवशी महिपत टेम्पोतून उतरला, विव्हळणाऱ्या बाबल्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि आवडाबाईच्या तिन्ही पाट्या उचलून डांबरी रस्त्यावर उपड्या केल्या. विखुरलेल्या बांगडा मासळीवरून समोरून आलेला ट्रक गेला.

"आजपासून तुझी पाटी माझ्या टेम्पोत चढणार नाय, आवडे," तो म्हणाला. "आणि एश्टीवाला ओली पाटी घेत नाय. आता जा चालत लांज्याला."

हे खरंच होतं. कंडक्टर पाणी गळणारी पाटी पायरीवरच अडवत, आणि बंदरावरून बाजाराला जाणारा टेम्पो एकट्या महिपतचा. राही रडत होती. आवडाबाईने पदराने तिचं तोंड पुसलं आणि दोघी मायलेकी रिकाम्या पाट्या घेऊन रत्नागिरीच्या दिशेने चालू लागल्या. कुवारबावला आवडाबाई थांबली. तिथे म्हणाली, "आपण गाडी घेऊ."

हे साल शहाऐंशीचं. तेव्हा रत्नागिरीत स्वतःची गाडी म्हणजे डॉक्टर, वकील, कंत्राटदार. मासेवाल्या बाईने गाडी बघायला जायचं ही गोष्ट लोकांना पटायला कठीण होती, म्हणून तिने भागोजीकाकांना बरोबर घेतलं. भागोजीकाका एश्टीचे निवृत्त ड्रायव्हर. घाटातली सगळी वळणं त्यांना पाठ, आणि तोंडात शिव्या अशा की बायका कान झाकत.

तीन गाड्या विकायच्या होत्या. पहिली एका वकिलांची अ‍ॅम्बेसिडर. काकांची पसंती तिलाच होती.

"हिला ट्रकने ठोकली तर ट्रकवाला खाली उतरून माफी मागेल," ते म्हणाले.

आवडाबाईने ती बंदरापर्यंत चालवून मागितली. मिरकरवाड्याच्या बोळात शिरताना एका बाजूचं चाक गटारात आणि दुसऱ्या बाजूचा आरसा एका शेजारणीच्या घराच्या कुडाला. मागे घ्यायला पाव तास लागला. "माझी गिऱ्हाइकं आळीत राहतात, हायवेवर नाय," ती म्हणाली. शिवाय पेट्रोल किती पिते ते वकिलांच्याच ड्रायव्हरने हळूच सांगितलं होतं.

दुसरी कंत्राटदाराची फियाट. ती बोळात गेली, वळलीही. पण डिकीचं तोंड लहान. आवडाबाईने घरून रिकामी पाटी आणली होती, ती तिने तिरकी, उभी, आडवी करून पाहिली. आत जाईना.

तिसरी माळनाक्यावरच्या डॉक्टरांची लाल मारुती. डॉक्टर मुंबईला कायमचे जायला निघाले होते. नव्या गाडीला नंबर लावून लोक वर्षं मोजत बसलेले, आणि हिला होऊन अजून दोन वर्षंही झाली नव्हती. अंगणात उभी होती ती आवडाबाईच्या खांद्याएवढीही नव्हती. काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मान हलवली. "हलकी आहे. लहान आहे."

"मागचं दार कसं उघडतं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी मागचं दार उचललं. ते काचेसकट वर गेलं. मग त्यांनी मागच्या सीटची पाठ पुढे पाडली. आवडाबाईने पाटी ठेवली. शेजारी दुसरी राहील एवढी जागा उरली, आणि आडवी करून तिसरीही. डॉक्टरांची बायको खिडकीतून नाक दाबून बघत होती. आवडाबाईने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांच्या मधलं अंतर पावलांनी मोजलं, आणि ते बोळाच्या रुंदीशी मनात ताडून पाहिलं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहत होती.

"हीच," ती म्हणाली. पाटल्या, गोठ आणि राहीसाठी ठेवलेली साखळी गेली, तरी काही रक्कम हप्त्याने राहिली.

"चालवणार कोण?" काकांनी विचारलं.

"मीच. तुमी शिकवा."

चंपक मैदानावर शिकवणी सुरू झाली. काका शेजारी बसून गिअर चुकला की तिच्या मनगटावर रूळ मारत. ती "हं" म्हणून पुन्हा सुरू करी. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती मैदानावर पोचली तर काका कातळावर पडलेले होते आणि महिपत त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर तो मुठीने मारत होता, सावकाश, मोजल्यासारखा. आवडाबाई दगड घेऊन धावली तेव्हा तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "बायकांना गाडी शिकवतो म्हातारा."

काकांचे पुढचे चार दात गेले, जबडा सुजला. पोलिसांत जायला त्यांनी नकार दिला. पाचव्या दिवशी ते फडकं बांधलेल्या तोंडाने मैदानावर आले, शेजारी बसले आणि रूळ मांडीवर ठेवला. शिव्या देता येत नव्हत्या. त्या दिवशी आवडाबाईचा एकही गिअर चुकला नाही. पण स्टिअरिंग तिने इतकं घट्ट आवळलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. महिपतचं तोंड तिला समोरच्या काचेत दिसत होतं.

पावसाळ्यात होड्या बंद. त्या काळात तिने लायसन काढलं. नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुरू झाली आणि लाल गाडी राम आळीतून, धनजी नाक्यावरून, सायकली आणि हातगाड्यांच्या मधून फिरू लागली. आधी लोक हसले. मग ताजी मासळी आठ वाजता दारात येते म्हटल्यावर वाट बघू लागले. बंदरावरच्या आणखी दोघींनी महिपतच्या टेम्पोत चढायचं सोडून आपल्या पाट्या आवडाबाईकडे द्यायला सुरुवात केली. महिपतचा टेम्पो अर्धा रिकामा जाऊ लागला. एकदा पहाटे गाडीची चारही चाकं कोयतीने चिरलेली सापडली. तिने तसल्याच कोयतीने महिपतच्या टेम्पोची ताडपत्री वरपासून खालपर्यंत फाडली, भर बंदरावर, लोकांसमोर.

ऑक्टोबरातल्या एका बाजाराच्या दिवशी, सकाळी, पालीच्या पुढच्या वळणावर टेम्पो रस्त्यात आडवा उभा होता. आवडाबाईने ब्रेक मारला. गाडी थांबायच्या आत बाबल्याने पहार समोरच्या काचेवर घातली. काचेचा चुरा तिच्या आणि शेजारी बसलेल्या राहीच्या अंगावर आला. महिपतचा मेहुणा रामा याने डावीकडचं दार उघडून राहीला वेणीला धरून बाहेर ओढलं. राहीने त्याच्या मनगटाचा लचका तोडला, तेव्हा त्याने तिला लाथ घातली आणि ती चरात पडली.

महिपत उजवीकडून आला. पहारीने त्याने बाजूची काच फोडली, आत हात घालून आवडाबाईचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं दाराच्या पत्र्यावर आपटलं. एकदा, दोनदा. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं. इंजिन चालूच होतं. तिने चाचपडत रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला. गाडी झटक्याने मागे गेली, महिपतच्या मुठीत केसांचा झुबका राहिला आणि तो रस्त्यावर पालथा पडला.

पहार घेऊन तो उठला तेव्हा टेम्पो त्याच्या पाठीशी होता आणि गाडी समोर, दहा-बारा हातांवर. फुटलेल्या काचेच्या चौकटीतून तिचं तोंड त्याला दिसलं असावं. कारण त्याने पहार खाली टाकली. ती डांबरावर वाजली. त्याने दोन्ही हात छातीसमोर वर केले, तळवे पुढे.

आवडाबाईने ते पाहिलं. रक्त एकाच डोळ्यात होतं, दुसऱ्याने स्वच्छ दिसत होतं. तिने पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला.

बंपरने त्याचा उजवा पाय टेम्पोच्या चाकाशी चिरडला.

बाबल्या आणि रामा ओरडत काजूच्या बागेत पळाले. ते गेल्यावर रस्त्यावर महिपतचा आवाज तेवढा राहिला, आणि तो माणसाचा वाटत नव्हता. आवडाबाई गाडी मागे घेऊन तशीच बसून राहिली. राहीच चरातून उठून आली. तिने मागचं दार उचललं आणि पाट्या एकामागून एक रस्त्यावर फेकल्या.

"उतर, आये. मरेल तो. हात लाव."

दोघींनी त्याला पाट्यांच्या जागी घातला. पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता. राहीने तो आपल्या लुगड्याच्या पदराने आवळून बांधला आणि ती त्याच्याशेजारी मासळीच्या पाण्यात बसली. आवडाबाईने गाडी रत्नागिरीकडे वळवली. समोर काच नव्हती, वारा कपाळाच्या जखमेत घुसत होता. साळवी स्टॉपपाशी एश्ट्या एकामागे एक लागलेल्या होत्या, त्यांच्या आणि गटाराच्या मधल्या फटीतून तिने गाडी काढली. मारुती मंदिरापाशी हवालदाराने हात केला तरी ती थांबली नाही. मागून महिपत ओरडायचा थांबला होता, आणि ते जास्त भयंकर होतं.

सरकारी दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो वाचला.

पोलिसांना त्याने सांगितलं की टेम्पो उतारावर सरकला आणि पाय चाकाखाली आला. पहारींचा विषय निघाला असता, आणि बाईने पाय तोडला हे त्याला सांगायचं नव्हतं. आवडाबाईच्या कपाळाला सहा टाके पडले. तिनेही विचारणाऱ्यांना गाडी झाडावर गेली म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी राही मागची बाजू धूत होती. बादलीतलं पाणी तिसऱ्यांदा बदलताना ती म्हणाली, "त्याने पहार टाकली होती."

"व्हय."

"तुला दिसलं?"

आवडाबाईने बादली उचलली आणि पाणी गटारात ओतलं. राहीने पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न केळशीला झालं. वरात एश्टीने गेली.

मिरकरवाड्यात आवडाबाईचा मान वाढला. टेम्पो सरकल्याची गोष्ट बंदरावर कुणालाच खरी वाटली नव्हती. बायका तिच्या पराक्रमाची गोष्ट रंगवून सांगत, आणि त्या गोष्टीत महिपतच्या हातात पहार शेवटपर्यंत असे. ती ऐकून घेई. एकटी असताना मात्र तिला ते वर केलेले दोन तळहात दिसत. दादूच्या वेळी तिला असं काही दिसलं नव्हतं. तिथे आठ वर्षांची उधारी फेडली असं ती स्वतःला सांगे. इथे तसं काही सांगता येत नव्हतं. थांबता आलं असतं. तिला थांबायचं नव्हतं, एवढंच खरं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली महिपत बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्याबाहेर कुबडी घेऊन बसू लागला. टेम्पो त्याने केव्हाच विकला होता. एका सकाळी आवडाबाई बर्फ घ्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "मी पहार टाकलेली, आवडाबाय."

पूर्वी तो तिला आवडे म्हणत असे.

"टाकलेलीस," ती म्हणाली. "मला दिसली होती."

तो शिवी देईल, थुंकेल, असं तिला वाटलं. ती तिथेच उभी राहिली.

"त्या भागोजी म्हाताऱ्याला मी मारला तेव्हा त्याने पण हात जोडले होते," तो शेवटी म्हणाला. मग कुबडीच्या टोकाने जमीन उकरत त्याने विचारलं, "माझी बायको हौसा लांज्याला जाईन म्हणते. घरात कमावणारं कोण नाय. गाडीत जागा आहे?"

"एक पाटी मावेल."

बाजाराच्या दिवशी हौसा आली. ठेंगणी, गप्प बाई. तिने पाटी मागे ठेवली, पुढे आली, आणि दार उघडायच्या आधी बंपरकडे बघत क्षणभर उभी राहिली. आवडाबाईने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि वाट पाहिली. मग हौसा आत बसली. पालीचं वळण आलं. ते मागे गेल्यावर हौसाने विचारलं, लांज्यात बांगडा वाट्याने जातो की नगावर, आणि आवडाबाईने तिला सांगायला सुरुवात केली.