टीबी नव्हताच म्हणे

केशोरीच्या शामकलाबाईला टीबी झालाय, हे तिच्या सख्ख्या भावाआधी पिठाच्या चक्कीवाल्याला कळलं. कसं कळलं ते विचारू नका. थुंकीच्या तपासणीत काचेवर लाल जंतू दिसले, गोळ्या सुरू झाल्या, आणि बाईचं अंथरूण पडवीत गेलं.

गोळ्यांनी खोकला काही हटेना. थुंकी तपासावी तर पुन्हा लालच. मग काय, सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की बाई गोळ्या खात नाही. दवाखान्यातले साहेब डाफरले. नवरा ईश्वरदास तर रोज सकाळी अंगणात तिच्यापुढं उभा राहू लागला. गोळी गिळली की म्हणायचा, "तोंड उघड. जीभ उचल." शेजारच्या बाया भांडी घासता घासता बघायच्या. भाताच्या रोवणीत, चिखलाच्या बांधीत जिची बरोबरी कोणाला जमत नाही अशी बाई, आणि ती लेकरासारखी जीभ उचलून दाखवायची!

"खाऊन राहिली न मी! अजून कसं सांगू तुमाले?" ती म्हणायची. पण ऐकतो कोण!

तेही तिनं सोसलं असतं. पण तिची लेक रेणू पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. शामकलाबाईनं जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठेवली होती, शेकायची शेगडी सारवून ठेवली होती. तर सालेकशाहून रेणूची सासू निर्मलाबाई फोनवर म्हणाली, "विहीनबाई, राग नका धरू. लेकराले धोका आहे." तिचं तरी काय चुकलं होतं? त्यामुळं तर जास्तच जळत होतं. बाळंतपण सालेकशालाच झालं. नात झाली, आचल. तिला न्हाऊमाखू परक्या हातांनी घातलं. शामकलाबाईनं जावं, कोणीतरी बाळाच्या नाकावर फडकं धरावं, हिनं दारातूनच पाहावं आणि परत यावं.

पोरगी दुडुदुडु चालायला लागली, तेव्हा कुठं एका शहाण्याला बाईची थुंकी नागपूरला पाठवायचं सुचलं. मग नवराबायकोला तिथं बोलावून घेऊन डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हा टीबी नाही, टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ आहे. दोघांच्याही अंगाभोवती मेणचट भिंत असते, म्हणून काचेवर दोघंही लाल दिसतात. पण याच्या भिंतीतली चरबी वेगळ्या घडणीची आहे. नेहमीच्या गोळ्या तिच्यातून नीट आत शिरत नाहीत. आणि हा माणसाकडून माणसाला सहसा होत नाही."

शेवटचं वाक्य शामकलाबाईनं पुन्हा म्हणायला लावलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. तो पंख्याकडं बघत बसला होता. माफीबिफी काही नाही. स्टँडवर केळी घेऊन दिली, झालं!

ती घरी गेलीच नाही, थेट सालेकशाला गेली. ऐकून रेणू ढसाढसा रडली. निर्मलाबाई म्हणाली, "मंग आता काऊन दूर राह्यता? या आत, बसा."

शामकलाबाईनं हात पसरले. "ये वं माय, आजीजवळ ये."

आचल जागीच थबकली. तिनं फ्रॉक वर ओढून नाक दाबलं आणि मागं सरकली. त्या घडीला तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. आजी दिसली की नाक झाकायचं, एवढं तिला बोलता येण्याआधीपासून येत होतं.

"अवं, काही होत नाई!" रेणू ओरडली, तशी पोर भोकाड पसरून रडायला लागली.

मग शामकलाबाईनंच आपला पदर नाकातोंडावर ओढला आणि घट्ट धरला. तेव्हा आचल रडायची थांबली आणि हळूहळू तिच्याजवळ आली.